एकास एक संगती : मोजण्यापासून पडताळ्यापर्यंत

परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक उत्तरपत्रिका वाटतात. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मिळाली, कोणी वंचित राहिला नाही आणि हातात एकही उरली नाही, तर विद्यार्थी आणि उत्तरपत्रिका सारख्याच, हे न मोजताही कळते. गणितात याला 'एकास एक संगती' म्हणतात. ही साधी कल्पना अनंताला लावताच थोर थोर पंडित कसे कोड्यात पडले, याचा इतिहास विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावा.

नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा हे थोर गणिती होऊन गेले. सम संख्या अनंत आहेत आणि सर्व पूर्ण संख्याही अनंत आहेत. तरी पहिल्या दुसऱ्यांच्या निम्म्या आहेत, म्हणजे एक अनंत दुसऱ्या अनंताचा भाग असू शकतो, असे त्यांनी मांडले. पुढे १६३८ मध्ये गॅलिलिओने दाखविले की १, २, ३, ४ या प्रत्येक संख्येशी १, ४, ९, १६ असा तिचा वर्ग जुळविता येतो. मग वर्गसंख्या कमी म्हणाव्यात की तितक्याच? अनंताच्या बाबतीत कमी, अधिक, समान हे शब्दच लागू पडत नाहीत, असे म्हणून तो थांबला.

जर्मनीतील गेओर्ग कॅन्टर मात्र थांबला नाही. जुळणी लागते ते संच समान, असा नियम धरून त्याने १८७४ मध्ये सिद्ध केले की रेषेवरील सर्व बिंदू १, २, ३ या संख्यांशी जुळविता येत नाहीत. म्हणजे अनंतांतही लहानमोठेपणा आहे. १८७७ मध्ये तर चौरसात जितके बिंदू तितकेच त्याच्या एका बाजूवर, असे त्याने आपला मित्र डेडेकिंड यास कळविले. बिंदूची दोन अंतरे दशांशात लिहावयाची आणि त्यांचे अंक एकाआड एक गुंफून एकच संख्या करावयाची, ही त्याची युक्ती. ०.३ चे ०.२९९९… असेही रूप होते, म्हणून अखंड चालणारे रूपच घ्यावे, असे त्याने ठरविले होते.

डेडेकिंडने बारकाईने पाहिले आणि उणीव दाखविली. ०.११०१०१०१… ही संख्या उलगडा. विषम स्थानांवरचे अंक १, ०, ०, ०… येतात. हे वर्ज्य केलेले रूप! म्हणजे ही संख्या कोणत्याच जोडीपासून मिळत नाही. उत्तरपत्रिका सर्वांना मिळाल्या, पण काही हातात उरल्या! कॅन्टरने चूक मान्य केली, वेगळ्या मार्गाने सिद्धता पूर्ण केली आणि १८७८ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

पुढे १९०१ मध्ये बर्ट्रांड रसेलला खुद्द संचांच्या कल्पनेतच विसंगती आढळली. त्यावर उपाय म्हणून १९०८ मध्ये त्याने 'प्रकारां'ची उपपत्ती मांडली. एकच विद्यार्थी खेळाच्या संघात आणि वक्तृत्व मंडळातही असू शकतो. हे संचासारखे झाले. पण त्याची इयत्ता एकच असते, हे प्रकारासारखे. याच विचाराच्या पायावर १९६७ मध्ये हॉलंडमधील डी ब्रॉइन यांनी यंत्राकडून सिद्धता तपासण्यासाठी 'ऑटोमॅथ' ही भाषा रचली. २०१३ मध्ये सुरू झालेली 'लीन' ही त्याच परंपरेतील प्रणाली आहे.

दोन प्रकारांची जुळणी सांगताना लीनला चार गोष्टी द्याव्या लागतात : जाण्याचा नियम, परतीचा नियम, जाऊन परतल्यावर मूळ जागीच येतो याची सिद्धता आणि उलट दिशेनेही तसेच घडते याची सिद्धता. कॅन्टरची पहिली युक्ती येथे शेवटच्या पायरीवर अडली असती. डेडेकिंडने केले तेच काम आता यंत्र करते.

गणितातील अत्युच्च असे फील्ड्स पदक २००२ मध्ये मिळविणारे व्लादिमीर वोएवोद्स्की यांना त्याआधीच, १९९९-२००० च्या सुमारास, आपल्याच जुन्या लेखातील एक महत्त्वाचे पूर्वप्रमेय चुकीचे असल्याचे आढळले होते. इतरांनीही ते वर्षानुवर्षे बरोबर धरले होते. त्यांनी चूक लपविली नाही. उलट यंत्राकडून पडताळा घेण्याच्या कार्याला वाहून घेतले.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तर आले म्हणजे काम संपले असे समजू नका. ताळा करून पहा, परतीची वाट तपासा. आणि पालकांनो, मुलाने स्वतःची चूक शोधून दाखविली तर त्याला रागावू नका, शाबासकी द्या. कॅन्टरची सिद्धता चूक मान्य केल्यावरच पूर्ण झाली.