भिलाईचे पोलाद

लोखंडाचा डोंगर जवळ असला म्हणजे पोलादाचा कारखाना उभा राहतोच, असे नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोराबजी टाटांना नागपूरच्या संग्रहालयातील भूस्तरीय नकाशावरून दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाचा सुगावा लागला. डल्ली-राजहराचे खनिज उत्तम प्रतीचे ठरले. परंतु कोकसाठी योग्य असा कोळसा दूर झरियाकडे होता. टाटांचा कारखाना साकचीला गेला आणि दुर्गचे डोंगर अर्धशतक वाट पाहत राहिले.

पुढे दुरून कोळसा आणण्याचा भार स्वतंत्र भारताच्या शासनाने पत्करला. पण यंत्रे कोठून आणावयाची? परकीय चलनाची तर चणचण! २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत कराराने हा पेच सोडविला. कर्जाचे व्याज अवघे अडीच टक्के. फेड बारा वार्षिक हप्त्यांनी आणि तीही रुपयांत. त्या रुपयांतून सोव्हिएत संघाने भारतीय माल खरेदी करावयाचा होता. म्हणजे यंत्रांचे मोल अखेरीस देशातील मालानेच फिटणार होते.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भूमीतील खनिज हे निम्मेच धन होय. उरलेले निम्मे वाहतुकीने आणि व्यवहारचातुर्याने मिळवावे लागते, हाच भिलाईचा बोध आहे.