अमेरिकेतील शस्त्रनियंत्रण आणि परवानाधारक विक्रेता : एक ऐतिहासिक आढावा (१९३४ ते २०२५)

प्रस्तावना

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये समाविष्ट झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्कास संरक्षण दिले. त्यामुळे तेथील शस्त्रविषयक चर्चा बहुधा ‘हक्क की बंदी’ या चौकटीत अडकते. तथापि संघराज्य शासनाने आपले नियंत्रण नागरिकाच्या घरापेक्षा विक्रेत्याच्या दुकानावर अधिक बसविले, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावयास हवी. हा विक्रेता या व्यवस्थेचा कणा कसा बनला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कराच्या मार्गाने नियंत्रण

मद्यबंदीच्या काळात टोळीयुद्धांत मशीनगनचा वापर झाला. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागो येथे सात जणांची हत्या झाली. संघराज्यास सर्वसाधारण पोलिसी अधिकार नसल्याने रुझवेल्ट यांच्या कारकिर्दीत ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी बंदीऐवजी कराचा मार्ग पत्करला. २६ जून १९३४ च्या ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’नुसार मशीनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन आणि सायलेन्सर यांची नोंदणी आवश्यक ठरली. त्यांच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर बसला. ही रक्कम तेव्हाच्या थॉम्पसन बंदुकीच्या किमतीच्या जवळपास होती. मूळ मसुद्यातील पिस्तुले व रिव्हॉल्व्हर मात्र विरोधामुळे वगळण्यात आली. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोन्झिन्स्की खटल्यात या कायद्यातील विक्रेत्यांवरील वार्षिक कर वैध ठरविला.

विक्रेत्याचा परवाना

१९३८ च्या कायद्याने आंतरराज्य व्यापार करणाऱ्या विक्रेत्यांना परवाना सक्तीचा केला. त्याचे वार्षिक शुल्क अवघे एक डॉलर होते. टपालाने बंदूक मागविणे मात्र सुरूच राहिले. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येसाठी वापरलेली रायफल खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानातून टपालानेच मागविली होती. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. त्यानंतर २२ ऑक्टोबर १९६८ रोजी ‘गन कंट्रोल ॲक्ट’ अस्तित्वात आला. त्याने सामान्य ग्राहकासाठी आंतरराज्य टपालविक्री बंद केली आणि दुकानातील प्रत्येक विक्रीची नोंद ठेवण्याचे दायित्व परवानाधारक विक्रेत्यावर टाकले. खरेदीदार अपात्र नसल्याचे लेखी निवेदन देई, पण ते खरे की खोटे हे तत्काळ पडताळण्याची सोय नव्हती. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न केला, आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून राष्ट्रीय पडताळणी यंत्रणा कार्यान्वित झाली.

नोंद आणि तिच्या मर्यादा

१९८६ च्या कायद्याने शासनास सर्वसाधारण बंदुकांची केंद्रीय नोंदवही तयार करण्यास मनाई केली. त्यामुळे गुन्ह्यातील बंदुकीचा माग उत्पादकाकडून विक्रेत्याकडे व तेथून पहिल्या ग्राहकाकडे, असा कागदोपत्री काढावा लागतो. पुढे त्या ग्राहकाने ती स्वराज्यातील दुसऱ्या व्यक्तीस खासगीरीत्या विकल्यास संघराज्याचा कायदा पडताळणी सक्तीची करीत नाही. काही राज्यांनी तशी सक्ती केली आहे. अन्यत्र हा धागा तेथेच तुटतो.

२०२५ च्या कायद्याने सायलेन्सर व आखूड नळीच्या बंदुकांवरील २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. मशीनगनवरील कर व सर्वांची नोंदणी मात्र कायम ठेवली. जी नोंदणी कराधिकाराच्या आधारे उभी राहिली, ती कर नाहीसा झाल्यावर कशावर टिकणार, हा प्रश्न आता न्यायालयांपुढे मांडण्यात आला आहे.

निष्कर्ष

अमेरिकेने शस्त्रधारकास थेट हात न लावता विक्रेत्याच्या नोंदवहीवर भिस्त ठेवली. हक्काचा मान राखून नियंत्रण साधण्याची ही तडजोड होती. परंतु जो व्यवहार दुकानाबाहेर होतो, तेथे ही नोंदवही मूक राहते. या व्यवस्थेचे यश आणि अपयश अशा रीतीने एकाच निर्णयातून उद्भवले आहे.