अंबरची नगरी, आदामाची लेकरे

शहागंजातील घड्याळाच्या मनोऱ्यापाशी क्षणभर उभे राहावे. बाजाराचा गलबला चालू असतो आणि समोरून नाना वर्णांची, नाना चेहऱ्यांची माणसे जात असतात. ‘हा आमच्यातला, तो परका’ असा निवाडा आमची नजर नकळत करून टाकते. पण ज्या नगरीत हा निवाडा आम्ही करतो, ती वसवली कोणी?

खडकी या नावाने १६१० साली ही नगरी वसवणारा मलिक अंबर १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात जन्मला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हात बदलत बदलत बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला. पुढे हाच गुलाम निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. नहरे-अंबरी बांधून त्याने या नगरीला पाणी दिले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगल व विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेला धूळ चारली. त्याला नमवणे न साधलेल्या जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याच्या काळ्या वर्णावरून त्याला हिणवले आहे. १६२६ साली अंबर निवर्तला. खुलताबादेस त्याची कबर आहे. नगरीचे नाव पुढे औरंगाबाद झाले, आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. पण पहिली कुदळ एका हबशाच्या आज्ञेने पडली, हे बदलत नाही.

अंबरासारखे आफ्रिकेतून आलेले पुष्कळ लोक या भूमीत रुजले. गुजरात व कर्नाटकातील सिद्दींच्या जनुकांचा अभ्यास हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केला. सिद्दींचा साठ ते पंचाहत्तर टक्के वारसा आफ्रिकेचा, उरलेला भारतीय व काही अंशी युरोपीय, असे त्यात आढळले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील कित्येक सिद्दी आमचेच धर्मबंधू आहेत. ते कोंकणी बोलतात आणि रविवारी मिस्साला जातात.

मग सिद्दी तेवढे आफ्रिकेचे आणि आम्ही येथलेच का? विज्ञानाचे उत्तर नम्र करणारे आहे. आईकडून लेकरांना मिळणाऱ्या जनुकीय द्रव्याची तुलना करून १९८७ साली तीन शास्त्रज्ञांनी दाखवले की, आज जिवंत असलेल्या साऱ्या मानवांची मातृपरंपरा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतील एका स्त्रीपर्यंत जाते. वृत्तपत्रांनी तिला ‘एवा’ म्हटले. ती त्या काळची एकमेव स्त्री नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवावे. पुढे पन्नास ते सत्तर हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडलेल्या समूहांपासून उरलेले जग वसले. अंबर या नगरीत उशिरा आला, आमचे पूर्वज आधी, अंतर एवढेच.

येथे भाविक मनाला प्रश्न पडतो : आदाम व एवा यांचे काय? या वादात ख्रिस्तसभेने विज्ञानाला शत्रू मानलेले नाही. अनुवंशशास्त्राचा पायाच मुळी ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनोच्या मठात वाटाण्याच्या वाफ्यांतून घातला. १९५० साली पोप पायस बारावे यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीचा विचार करण्यास मुभा दिली. आत्मा मात्र परमेश्वर स्वतः निर्माण करतो, असे बजावले. मानवजात अनेक आद्य जोडप्यांपासून झाली हे मत आदिपापाच्या शिकवणुकीशी कसे जुळावे हे दिसत नाही, असेही ते म्हणाले. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतिवाद आता निव्वळ तर्क राहिलेला नाही, असे मान्य केले. जनुकशास्त्र एका जोडप्याऐवजी हजारोंच्या समूहाकडे बोट दाखवते. ईशज्ञानी या प्रश्नाचे चिंतन आजही करीत आहेत. वाद मिटलेला नाही. पण मानवकुल एक आहे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

मग भेद आले कोठून? हैदराबादचे हेच केंद्र व अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील निरनिराळे समूह मोठ्या प्रमाणावर परस्परांत मिसळले. त्यानंतर हे मिसळणे आटले; जातीतच सोयरीक करण्याची रीत घट्ट झाली. म्हणजे जातीची भिंत मूळची नव्हे, ती मागाहून बांधलेली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तेच मिश्र रक्त आहे.

मराठवाड्यातील आमच्या पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. त्या भिंतीचा चटका आम्हांला पुस्तकातून शिकावा लागत नाही. तरीही मिस्सानंतर चर्चच्या आवारात स्थळांची बोलणी निघाली की, ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातोच. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे पुसले असे आम्ही म्हणतो, ते सोयरिकीच्या वेळी आम्हीच पुन्हा लिहून काढतो.

परमेश्वराने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली, असे संत पौलाने अथेन्समध्ये सांगितले, तेव्हा जनुकांची कोणाला वार्ताही नव्हती. आज प्रयोगशाळाही तीच दिशा दाखवते आहे. आता पुरावा शोधायचा नाही. आचरण तेवढे बाकी आहे. पुढच्या खेपेस शहागंजातून जाताना समोरच्या चेहऱ्याकडे पाहून ‘हा कोणाचा?’ असे मनात आले, तर उत्तर आपल्या घरचेच आहे, हे आम्ही विसरू नये.