वारावर जेवून शिकलेली माणसे

आमच्या बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत ‘आजोबा वारावर जेवून शिकले’ हे वाक्य अजून कानावर पडते. नातवंडांना मात्र त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो. आता कोणी वार लावत नाही, पण परगावी शिकायला आलेल्या मुलाने जेवायचे कुठे, हा प्रश्न काही संपलेला नाही. म्हणून त्याचा हा थोडा इतिहास.

वाराची रीत साधी होती. गरीब विद्यार्थी सात घरे धरून प्रत्येक घरी आठवड्याचा एक दिवस मागून घेई. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. भार सात घरांत वाटला गेल्याने तो कोणालाच जड होत नसे. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी चणे-कुरमुऱ्यांवर भागवायचे. माधुकरीची तऱ्हा निराळी. दुपारी झोळी घेऊन चार-पाच घरी जायचे, शिजवलेले अन्न थोडे थोडे घ्यायचे आणि बिऱ्हाडी येऊन जेवायचे. मधमाशी फुलाफुलांतून मध गोळा करते, त्यावरून हे नाव पडले. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलेही माधुकरी मागून शिकली.

या रीतींचे कौतुक आपण नेहमी करतो, पण त्यांची दुसरी बाजू सांगायची राहून जाते. ही दारे उघडत ती मुख्यतः ब्राह्मण मुलांसाठी. खेड्यातल्या कुणब्याच्या मुलाने कोणाकडे वार लावायचा? अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर ओसरीही बंद होती. फी माफ झाली, पुस्तके मिळाली, तरी शहरात दोन वेळचे जेवण नसेल तर मुलगा गावी परतणारच.

हे नेमके ओळखले कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान व अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलांसाठीही बोर्डिंगे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यापुढचे पाऊल टाकले. साताऱ्यात १९२४ साली सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुले स्वतः कष्ट करत आणि धान्य गावोगावच्या घरांतून मुठीमुठीने गोळा होई. कोठी रिकामी झाली तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडून मुलांना जेवू घातले.

या इतिहासात आपल्या बडोद्याचेही एक पान आहे, आणि ते वाचताना मान खाली जाते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले आणि १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले. राजाने शिकवले, पण शहराने राहायला खोली दिली नाही. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी कसाबसा आसरा घेतला. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. कामाठी बागेत ताटकळत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हीच आपली सयाजीबाग. पुढे १९२० साली ते शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. घरमालकिणीची तुटपुंजी न्याहारी आणि रात्री अभ्यास करताना भूक लागली की खोलीवर चार पापड, यावर त्यांनी दिवस काढल्याचे चरित्रकारांनी लिहिले आहे.

खोलीवर रांधून खाणे ही सुद्धा जुनीच वाट. ज्याला वार नाही आणि खाणावळ परवडत नाही, तो शेगडीवर किंवा रॉकेलच्या स्टोव्हवर पिठलं-भात करी. १९१० साली कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला. खाली कोळसा, वर पाण्याच्या भांड्यात एकावर एक डबे. डाळ, तांदूळ, भाजी लावून माणसाने कामाला जावे, परत येईतो वाफेवर जेवण तयार. एकट्या राहणाऱ्याची त्याने मोठी सोय केली.

आज सयाजीगंज-फतेगंजच्या खोल्यांत त्याची जागा विजेच्या छोट्या कुकरने घेतली आहे. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ, वर तूप आणि घरून आलेले मेतकूट. एवढ्यावर मुलाचे पोट नीट भरते. पण परीक्षेच्या दिवसांत, आजारपणात किंवा महिनाअखेरीस हेही होत नाही. मग नूडल्सचे पाकीट फुटते, नाहीतर नुसता चहा होतो.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कोणाच्या तरी पानावर जेवून शिकले आणि त्यांच्या शिक्षणावर आपली घरे उभी राहिली. ते ऋण फेडायला मोठी संस्था काढावी लागत नाही. आपल्या मंडळातील सात घरांनी मिळून एका परगावच्या मुलाचे किंवा मुलीचे आठवड्याचे वार वाटून घेतले, तरी पुरे. रीत जुनीच ठेवू, फक्त बोलावताना आडनाव आणि जात विचारायची नाही, आणि पान घरच्यांच्या पंगतीतच मांडायचे.