तोंडाचा विटाळ

गिरणगावचा इतिहास म्हटला की आपल्याला संप आठवतात, लाल बावटा आठवतो. त्याच इतिहासातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. का? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला त्यांचेही तोंड लागले तर विटाळ होईल, ही सवर्ण सोबत्यांची हरकत!

१९२८ साली गिरण्या सुमारे सहा महिने बंद होत्या. मागण्यांची यादी तयार झाली, पण तीत या अन्यायाचा उल्लेख नव्हता. ही मागणी घाला, नाहीतर मी माझ्या माणसांना संपापासून दूर राहायला सांगेन, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतली. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. ते खोटे नव्हते.

संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २०१३च्या कायद्याने कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समित्या आल्या. तरीही सोसणारा माणूस गप्प राहतो. त्याला साहेबाची भीती असते, तशीच शेजारी बसणाऱ्याचीही. ही दुसरी भीती कायद्याने जात नाही. ती आपणच घालवायची असते. एवढेच करा, तो बोलू लागला की उठून जाऊ नका.