बदलीच्या गावातून कॉलेज

देवळाली कॅम्पात वाढलेल्यांना काळ्या लोखंडी ट्रंकांची ओळख लहानपणीच होते. पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि युनिट लिहिलेल्या त्या ट्रंका ट्रकमध्ये चढायला लागल्या, की वर्गातला एक बाक रिकामा होणार हे आम्हाला कळायचं. स्कूल ऑफ आर्टिलरीच्या या गावात बदली नेहमीचीच. शाळकरी मुलांचं त्यात फारसं अडत नसे. देवळालीच्या केंद्रीय विद्यालयात चालू असलेलं पुस्तक पठाणकोटलाही चालू असायचं. अडायचं ते बारावीनंतर. मुलगी नाशिकच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आणि वडिलांची बदली आसामात, अशी वेळ आली की वडील एकटे पुढे जायचे आणि आई मुलांसाठी मागे राहायची.

शाळेला जे जमलं ते कॉलेजला का जमलं नाही?

शाळेचा प्रश्न सरकारने मुद्दाम सोडवला होता. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांचं शिक्षण मध्येच तुटू नये, म्हणून दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर १९६३ मध्ये २० रेजिमेंटल शाळा केंद्राने हाती घेतल्या. केंद्रीय विद्यालयांची सुरुवात ती. देशभर एकच अभ्यासक्रम ठेवला आणि गाव बदललं तरी इयत्ता तीच राहिली.

विद्यापीठांची गोष्ट उलट दिशेने गेली. १८५७ मध्ये स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवरचं होतं. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. त्याचा पसारा कराचीपासून धारवाडपर्यंत होता. शेजारच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०२ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेले, कारण नाशिकला तेव्हा कॉलेजच नव्हतं; हं. प्रा. ठा. कॉलेज १९२४ चं. पण कराची, बडोदा, पुणे यांपैकी कुठल्याही कॉलेजात नाव घातलं तरी परीक्षा मुंबईचीच असे. गाव बदलायचं, विद्यापीठ नाही.

पुढे विद्यापीठं वाढली, आणि ती वाढायलाच हवी होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि नाशिक तिकडे गेलं. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं. धुळे त्यात गेलं, नाशिक जिल्हा पुण्याकडेच राहिला. मालेगाव आणि धुळे ही एकाच रस्त्यावरची गावं, अंतर सुमारे ५० किलोमीटर. १९९० पर्यंत दोन्हीकडचा बी.ए.चा विद्यार्थी एकाच विद्यापीठाचा होता. त्यानंतर मालेगावच्या मुलीचं लग्न धुळ्यात झालं आणि तिला उरलेलं वर्ष तिथे करायचं असलं, तर टी.सी.सोबत मायग्रेशन सर्टिफिकेट लागू लागलं. शिवाय तिथल्या विद्यापीठाने आधीचे विषय समकक्ष मानायला हवेत. नाही मानले, तर वर्ष गेलं.

म्हणून मुलं विद्यापीठ का बदलतात असं विचारलं, की मला फक्त 'चांगलं कॉलेज मिळालं' हे उत्तर अपुरं वाटतं. वडिलांची बदली, लग्न, घरचं आजारपण, वसतिगृहाचा न परवडणारा खर्च ही कारणंही तितकीच खरी आहेत. ती कागदावर येत नाहीत, कारण अशा वेळी पुष्कळ जण विद्यापीठ बदलत नाहीत, शिक्षण सोडतात. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, ते अशा अनेकांना उपयोगी पडलं.

विद्यापीठाने थोडं थांबायचं ठरवलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. १९१६ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसे साठवून आणि उसने घेऊन ते १९२० मध्ये परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कोलंबियाने प्रबंधाच्या छापील प्रती मिळाल्यावर १९२७ मध्ये पीएच.डी. दिली, तोवर त्यांनी ते विद्यापीठ सोडून ११ वर्षं झाली होती. जिद्द त्यांची होतीच. पण केलेलं काम दोन्ही विद्यापीठांनी बाद ठरवलं नाही, हेही महत्त्वाचं.

२०२१ पासून आपल्याकडे 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली आहे. मिळवलेली क्रेडिट्स खात्यात जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं. दुसऱ्या संस्थेत ती वापरता येतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन यंत्रणा जोडताना माहिती पाठवणं सोपं असतं. समोरच्याने ती स्वीकारायची की नाही, हे कुणीतरी ठरवावं लागतं. इथेही तसंच आहे. खात्यातली क्रेडिट्स नव्या कॉलेजाने मानली पाहिजेत आणि दुसऱ्या वर्षाला जागाही दिली पाहिजे.

कॅम्पात आजही ट्रंका भरल्या जातात. त्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मागे ठेवायचं की सोबत न्यायचं, हे अजून तिच्या आईवडिलांनाच ठरवावं लागतं. शाळेपुरता हा भार सरकारने १९६३ मध्ये उचलला होता.