शिकारी पक्ष्यांचे उड्डाण-छायाचित्रण

शिकारी पक्ष्यांचे उड्डाण-छायाचित्रण ही वन्यजीव छायाचित्रणाची एक शाखा आहे. घार, शिक्रा, ससाणा, गरुड, गिधाड इत्यादी पक्ष्यांची हवेतील छायाचित्रे घेणे आणि नंतर संगणकावर त्यांचे संपादन करणे, या दोन्हींचा तीत समावेश होतो. या छायाचित्रांना सौंदर्याइतकेच पुराव्याचेही मूल्य असते. उंच घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याची जात, वय आणि पिसे बदलण्याची अवस्था अनेकदा छायाचित्रावरूनच निश्चित करता येते.

इतिहास

फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. सेकंदाला १२ प्रतिमा टिपणाऱ्या या यंत्राने त्यांनी उडत्या पक्ष्यांच्या हालचालींचा अभ्यास केला. अलीकडे, साधारणतः २०२० पासून, पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून त्यावर फोकस ठेवणारे मिररलेस कॅमेरे बाजारात आले.

चित्रण

सामान्यतः ४०० ते ६०० मिमी नाभीय अंतराची भिंग वापरली जाते. संथ तरंगणाऱ्या घारीसाठी १/१००० सेकंद शटरवेग बहुधा पुरतो. झेपावणाऱ्या शिक्र्यासाठी १/२५०० सेकंद किंवा त्याहून जलद वेग लागतो. शहरांतही सहज आढळणारी घार सरावासाठी सर्वांत सोयीची आहे. कापशी घार एका जागी पंख फडफडवत हवेत स्थिर राहते, त्यामुळे तीही नवशिक्यांना साथ देते.

खरी अडचण प्रकाशाची असते. उजळ आकाशामुळे कॅमेरा प्रकाश कमी घेतो आणि पक्ष्याची केवळ काळी आकृती उरते. म्हणून मापनापेक्षा एक ते दीड स्टॉप अधिक प्रकाश घेतात. तोच पक्षी गर्द डोंगरासमोर आला की हीच वाढ पांढरी पिसे जाळून टाकते. यासाठी अनेक छायाचित्रकार पक्ष्यावरील प्रकाश पाहून मूल्ये हाताने निश्चित करतात. वाळलेल्या गवताळ माळावर किंवा पाण्यावर परावर्तित प्रकाशाने पंखांची खालची बाजूही उजळते. सह्याद्रीतील गडांच्या कड्यांवरून पक्षी डोळ्यांच्या पातळीवर किंवा खाली दिसतात. पंखांची वरची बाजू टिपण्याची ही दुर्मीळ संधी असते. ऊन चढल्यावर मात्र तापलेल्या हवेमुळे प्रतिमा थरथरते, आणि हा दोष संपादनात दूर होत नाही.

शिकारी पक्षी सहसा वाऱ्याच्या दिशेने तोंड करून झेप घेतात. त्यामुळे वारा व सूर्य दोन्ही पाठीशी असलेली जागा उत्तम ठरते. झेपेपूर्वी पक्षी अनेकदा विष्ठा टाकतो आणि पुढे झुकतो. अनुभवी छायाचित्रकार या खुणेची वाट पाहतात.

संपादन

रॉ स्वरूपातील फाइलमध्ये सावलीतील तपशील उजळण्यास अधिक वाव असतो. कातरणी, कणदारपणा कमी करणे आणि आकाशातील धुळीचे ठिपके पुसणे ही नेहमीची कामे होत. तीक्ष्णता अति वाढवल्यास पंखांच्या कडेभोवती पांढरी रेघ उमटते. तीक्ष्णता फक्त पक्ष्यापुरती मर्यादित ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

रंगांबाबत अधिक सावधगिरी आवश्यक असते. उबदार छटा वाढवल्यास मातकट घार तांबूस भासते. कणदारपणा घालवताना शेपटीवरील फिकट पट्टेही नाहीसे होऊ शकतात, आणि ओळख तर त्यांच्यावरच अवलंबून असते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी काही साधने तर अस्पष्ट जागी मुळात नसलेली पिसे रचतात. असे चित्र दिसायला सुबक असले, तरी नोंद म्हणून निरुपयोगी ठरते. यासाठी मूळ फाइल जपून ठेवणे महत्त्वाचे आहे. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या लंडनमधील स्पर्धेत अंतिम टप्प्यातील चित्रांच्या मूळ फाइली तपासल्या जातात.

आचारसंहिता व कायदा

मांस टाकून पक्ष्यांना जवळ बोलावण्याची पद्धत वादग्रस्त आहे. घरट्याजवळील चित्रण त्याहून घातक ठरते: मादी बराच वेळ दूर राहिल्यास अंडी थंड पडतात, पिले उन्हात होरपळतात किंवा कावळ्यांच्या तावडीत सापडतात. धोका माणसालाही असतो. ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांना १९३७ मध्ये घरट्याजवळच्या घुबडाच्या हल्ल्यात डावा डोळा गमवावा लागला. भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे.